विमान खाली कसं येतं, याचा माझा अभ्यास

५ मार्च
वही, माफ कर. जानेवारीपासून लिहीन म्हणून तुला आणलं आणि आज हात लावतोय. कारणं होती. ती उद्या लिहीन.
मुलगी को-पायलट झाली. बावीस तारखेला तिच्याच विमानात मी आणि ही, अशी दोघं बसणार. तिने तिकिटंसुद्धा काढली. मी आयुष्यात विमानात बसलेलो नाही. भीती अजिबात नाही. फक्त विमान खाली कसं येतं, ते आधी समजून घेणार. चढण्याचं काय, काहीही चढतं.

६ मार्च, सकाळ
संकल्प : रोज अभ्यास. शाळा नववीत सुटली, पण उभा जन्म सरकारी कचेरीत लिफ्ट चालवली आहे. वर-खाली हा माझाच विषय. आठवड्यात आटपेल.

८ मार्च
मुलीचा जुना कॉम्प्युटर लावला. त्यात तिचं सरावाचं विमान आहे. ऑटोपायलटला व्हीनॅव नावाचं बटण. उतरायचा रस्ता ते स्वतः आखतं. उतार कुठे सुरू करायचा, ती खूणही नकाशावर दाखवतं. बटण दाबलं, हाताची घडी घालून बसलो. खूण आली. खूण गेली. विमान आपलं सरळच. विमानतळही मागे पडला. पुढे समुद्र लागला.
कॉम्प्युटर बिघडलेला आहे.

९ मार्च
मुलीला फोन. म्हणाली, बाबा, खिडकीत खालची उंची लावली होती का? समोर आकड्यांची एक छोटी खिडकी असते म्हणे. कंट्रोलवाल्यांनी हो म्हटलं की पायलटने तिथे खालचा आकडा फिरवून ठेवायचा. तोवर रस्ता आखून तयार असला तरी यंत्र उंची सोडत नाही. मी म्हटलं, मग ऑटो कसलं डोंबलाचं? ती म्हणाली, बाबा, लिफ्टसुद्धा बटण दाबल्याशिवाय... मी म्हटलं, लिफ्टचं मला शिकवू नकोस.
आणि आकडा लावायला विसरलात तर? म्हणाली, आम्ही दोघं असतो ना, एक लावतो, दुसरा बघतो.
हा दुसरा म्हणजे ती. शाळेत असताना दप्तर विसरून जायची. आज जेवण गेलं नाही.

१२ मार्च
उंची लावली. खुणेवर बरोब्बर नाक खाली! हिला हाक मारली. ही पदराला हात पुसत येईपर्यंत वेग लाल पट्टीत. ही म्हणाली, अहो, हे बोंबलतंय काय? मी म्हटलं, बोंबलू दे, तू रस्ता बघ.
पुन्हा फोन. मुलगी म्हणाली, मागून वारा असेल. पाथ मोडमध्ये यंत्र रस्ता धरतं, वेग वाढला तर वाढू देतं, मग आपण पंखांवरच्या फळ्या उघडून तो कमी करायचा. स्पीड मोडमध्ये वेग धरतं आणि रस्ता सुटला तर सुटू देतं. मी म्हटलं, दोन्ही धरायला काय धाड भरली आहे? आमची लिफ्ट धरायची. ती म्हणाली, बाबा, तुमच्या लिफ्टला दोर होता.
हे काय उत्तर झालं?

१५ मार्च
मुलीला सूचना लिहून पाठवल्या. वारा मागून असल्यास थांबून घ्यावे. फळ्या उघडतात का, हे निघण्याआधी हाताने पाहावे. कॅप्टनवर विसंबू नये.
उत्तर आलं : हो बाबा.

१८ मार्च
आज उतार उशिरा सुरू झाला. ही मध्येच चहा घेऊन आली, त्यामुळे. चूक हिची. विमान रस्त्याच्या वर राहिलं आणि यंत्राने मला न विचारता मोड बदलला. वरच्या पट्टीत फक्त एक शब्द बदलला. कोण वाचतं! धावपट्टीवरून पाचपन्नास मजले उंचावरून निघून गेलो. मुलगी म्हणाली, तो शब्दच सारखा वाचायचा असतो, बदलला की मोठ्याने बोलायचं असतं. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? ही आतून म्हणाली, तिला बोलायला दिलंत कधी?

२० मार्च
मुलगी चिडली. म्हणाली, उद्या माझी विश्रांती, फोन बंद ठेवणार आहे. यंत्रावर विश्वास नसेल तर राहू दे बाबा, माझ्यावर तरी आहे का? मी म्हटलं, आहेच की, मी आपलं फक्त विचारतोय.
निश्चय पक्का. जाणार म्हणजे जाणार. बुशशर्टला इस्त्री केली.

२२ मार्च, दुपार
घरी आहे.
विमानाच्या दारापाशी जायच्या रांगेपर्यंत गेलो होतो. हिच्या मागेच उभा होतो. तिकीट बघणाऱ्या बाईंना एवढंच विचारलं, की आज वारा कुठला आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, काका, वारा सोडा, तुमची लेक मघाशी सांगून गेलीय, वर गेल्यावर स्पीकरवरून आईबाबांसाठी दोन शब्द बोलणार आहे.
त्याच क्षणी मला गॅस चालू राहिल्याचं आठवलं. अगदी स्पष्ट. ही म्हणाली, अहो, मी दोनदा बघितलाय, चला मुकाट्याने. मी म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच. ती झाली पुढे. वळूनसुद्धा बघितलं नाही.
गॅस बंद होता. खात्री झाली, हेही काही कमी नाही.
आता त्या दोघी उतरायला लागल्या असतील. दोघांसाठी जुळवलेले शब्द पोरीने ऐनवेळी एकीचे कसे केले असतील? की तिला कोणी सांगितलंच नाही, आणि ती पुढे बसून माझ्या रिकाम्या खुर्चीलाच सगळं बोलून गेली?
तिला मेसेज लिहिला : उतरलात की कळव. मी ठीक आहे. काय बोललीस तेही लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल, पण लवकर कळव.