आधी जाऊन या, मग पैसे न्या

३ फेब्रुवारी
आज एका घोर अन्यायाची नोंद. माझ्या खुर्चीचं डावं चाक निखळलं. निधीप्रमुख माणूस डावीकडे कलून सह्या करतोय आणि स्टोअरवाला म्हणतो, पुढच्या तिमाहीत बघू. खुर्ची कलली तरी मी कलणार नाही.

७ फेब्रुवारी
ज्या समाजांतलं विद्यापीठात क्वचितच कोणी दिसतं, अशा विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारा निधी मी तीन वर्षं सांभाळतोय. घोटाळे शून्य. खर्चही शून्य. दोन्हीचं श्रेय माझ्या नियमाला. विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यातून तिकीट काढावं, जाऊन यावं, बोर्डिंग पास दाखवावा, पैसे न्यावे. आजवर एकानेही फसवलेलं नाही. एकही गेला नाही, तो भाग वेगळा.

१२ फेब्रुवारी
शेवाळवाली आली. डोंगरापलीकडच्या छोट्याशा समाजातली, त्यांच्यातून इथवर पोचलेली पहिलीच. शेवाळावर संशोधन करते म्हणून हे नाव, मनातल्या मनात. परदेशातल्या लॅबने दोन महिन्यांसाठी बोलावलंय. मार्चअखेर पोचली नाही तर जागा दुसऱ्याला. मी नियम समजावला. म्हणाली, "सर, तिकिटाला पैसे असते तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"
प्रश्न विषयाला सोडून होता. तसं सांगितलं.

१३ फेब्रुवारी
जेवताना बायकोला किस्सा सांगितला. तिचं म्हणणं, बुडत्याला सांगायचं, आधी पोहून काठावर ये, मग दोर देतो. मी तिला समजावलं की दोर सार्वजनिक मालमत्ता असते. भाजी पुन्हा वाढली नाही.

२० फेब्रुवारी
निधीचं ब्रोशर काढतोय. नाव 'झेप'. कव्हरवर परदेशी जाऊन आलेला विद्यार्थी हवा. तसा स्टॉकमध्ये नाही. शेवाळवालीला घरी बोलावून माझी सूटकेस हातात दिली. म्हणाली, उभी राहते सर, पण मग निघूही द्या. फोटोत हसली नाही. नंतर बायको तिला आत घेऊन गेली. तासभर काय बोलल्या कोण जाणे. शेवाळच असणार.

२ मार्च
समितीची बैठक. लेखापालबाईंनी सुचवलं, तिकिटाचे पैसे आगाऊ द्या. मी कडाडून विरोध केला. आज तिकीट मागतात, उद्या स्वेटर मागतील. उरलेल्या दोघांपैकी एक झोपलेले, दुसरा माझा मेहुणा. नियम टिकला. तत्त्वासाठी माणसाने एकटं उभं राहावं. मेहुणा बसूनच होता.

१९ मार्च
शेवाळवाली गेली. विमानाने. माझ्या सूटकेससकट.
बायकोने स्वतःची एफडी मोडून तिकीट काढून दिलं. मी म्हटलं, निदान विचारायचं तरी. म्हणाली, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही बोर्डिंग पास मागितला असता."
एका अर्थी हा निधीचा पहिलाच विजय. सूटकेस माझीच ना.

२८ मे
परत आली. लॅबवाले म्हणे खूश आहेत, पुन्हा बोलावणार. बिल माझ्या टेबलावर. तिकीट स्वतःच्या खात्यातून नाही, माझ्याच बायकोच्या खात्यातून. नामंजूर. सही करताना फक्त खुर्ची हलली.

२९ मे
शेवाळवाली घरी येऊन बायकोला सांगून गेली, शिकवण्या धरते, दर महिन्याला थोडे थोडे फेडते. मी आतल्या खोलीत ब्रोशरची प्रुफं तपासत होतो. सगळं ऐकू येत होतं. दार लावून घेतलं.

९ जून
दाढदुखीची रजा. तेवढ्यात बैठक उरकली. लेखापालबाईंनी नियमच बदलून घेतला: तिकीट निधीनेच काढायचं, आणि आधी. शेवाळवालीचं बिलही मंजूर. मेहुण्याने हात वर केला होता; मला म्हणतो, आळस देत होतो. लेखी निषेध करणार. गप्प बसणाऱ्यांतला मी नाही.

१५ जून
निषेधाचा मसुदा तयार, तीन पानी. पण अर्जांचा इतका ढीग आलाय की टाईप करायला कोणी मोकळं नाही.

१८ जून
तिकिटाचे पैसे बायकोच्या खात्यात आले. मुदतीआधी एफडी मोडल्याबद्दल बँकेने कापलेला दंड मात्र जुन्या नियमात बसत नाही, नव्यातही नाही. दोन्ही नीट वाचून पाहिले.
तेवढे पैसे सकाळी तिच्या पर्समध्ये ठेवले. ती दारात उभी होती. रात्री तिने भाजी पुन्हा वाढली.