गाळलेली नावं

ता. १३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, पण तुझ्या भावाचं डोकं तरी कुठे सरळ आहे, म्हणून तसेच घालतो. दिवस इतके आखडलेत, की सकाळची प्रार्थना आटोपून मान वर करावी तर दिवेलागण!

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींबद्दल मागे लिहिलं होतं. वय अडुसष्ट. मुलीची पत्रं पोस्टमन मोठ्यानं वाचतो आणि मावशींच्या आधी गल्लीला सगळं कळतं, म्हणून त्या चिडून माझ्याकडे अक्षरं शिकू लागल्या. दोन हिवाळे झाले. इस्त्री तापेपर्यंत एक पान, असा आमचा वर्ग. आता वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी चर्चमधल्या दुपारच्या उपासनेत त्यांनी बायबलातला शास्त्रपाठ वाचावा असं मी सुचवलं आणि त्या हो म्हणाल्या. नंतर पाहिलं, तर त्या दिवशीचा पाठ म्हणजे येशूची वंशावळ! नावामागून नाव, जोडाक्षरांचं रान. मी स्वतः दरवर्षी पहिली तीन वाचतो, शेवटची तीन वाचतो आणि मधे 'इत्यादी' म्हणतो.

आमचे घड्याळकाका चर्चच्या पंचांचे प्रमुख. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता माझी प्रवचनं मोजतात. त्यांचं म्हणणं, बाई अडखळेल, लोक हसतील आणि ती पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही. हे शेवटचं मलाही खरं वाटतं. सोपा पाठ देऊ का?

तुझा,
धाकटा

ता. १७ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाद्रीबुवा, तुम्ही पिढ्यान् पिढ्या 'इत्यादी'त बुडवल्यात आणि आता दुसऱ्याच्या जोडाक्षरांची काळजी करताय? छत्तीस वर्षं वर्ग घेतले मी. सोपा धडा दिला की मुलाला कळतं, बाईंनी आपल्याला कच्चं धरलंय. पाठ बदलू नकोस. त्या वाचत असताना समोर बसून ओठही हलवू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. अडल्या तर अडू देत.

मोठा मोजा डाव्या पायाचा आहे. झालं ते कळव.

तुझी,
ताई

ता. २२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मदतीला धावू नये म्हणून काल हातांवर बसून राहिलो, अक्षरशः.

तीन वाजता मावशी उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीचं पातळ, बोट ओळीवर. सहा नावं नीट गेली, सातव्याला गाडं अडलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. माझे ओठ हलणारच होते, तेवढ्यात मावशींनी वर पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, इस्त्री अजून तापली नाही, जरा थांबा. सगळे हसले, पण ते हसू त्यांच्या बाजूचं होतं. मग ते नाव त्यांनी फोडून, जोडून, पुरतं वाचलं.

थोडं पुढे जाऊन त्या पुन्हा थांबल्या. ही बाई आहे का, असं त्यांनी मला भर उपासनेत विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी ते नाव दुसऱ्यांदा, मोठ्यानं वाचलं. पुढे आणखी एक बाई आली, मग आणखी एक. बाकांवरच्या बायका ताठ बसल्या. ताई, अकरा वर्षं त्या माझ्या 'इत्यादी'खाली गाडलेल्या होत्या!

शेवटचं नाव आलं तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. घड्याळकाकांकडे बघायची मला भीती वाटत होती. पाहिलं, तर घड्याळ खिशातच. मांडीवर पुस्तक उघडं आणि त्यांचंही बोट शेवटच्या नावावर. सर्वांत आधी तेच उठून उभे राहिले, मग सगळी मंडळी. नंतर मावशींपाशी जाऊन त्यांनी कबूल केलं, की ती सगळी नावं त्यांनीही आयुष्यात कधी वाचली नव्हती. माझं प्रवचन राहूनच गेलं. कुणी तक्रार केली नाही, हे जरा लागलं.

तुझा हरखलेला,
धाकटा

ता. ९ जानेवारी

बाईंना नमस्कार.

तुमचा पत्ता तुमच्या भावाकडून, आमच्या पाळकांकडून, मागून घेतला, कशाला ते सांगितलं नाही. हे माझं पहिलं पत्र. लिहायला चार दिवस लागले, एक उशीचा अभ्रा जळाला. आमच्याकडे सगळं बरं आहे. पाळक आता कुठल्याही पाठातली सगळी नावं वाचतात, भरभर वाचली तर मी खोकते.

तुम्ही शाळेच्या बाई. चुका असतील तिथे लाल शाईनं खुणा करा, कमी करू नका. आणि कागद मला परत पाठवा. तो माझा आहे.

पाठ बदलू नको असं तुम्ही कळवलंत, ते पाळकांनी सांगितलं. ती माया राहू द्या.

लिहिणारी मी, माझ्या हातानं