आधी मागचं बटण बघ

ईरी, पेनसिल्व्हेनिया
९ नोव्हेंबर, रविवार

लाडक्या थिया,

तू बरी असशील असं धरून चालतो. मीही ठीक आहे. सरोवरावरून पहिला बर्फ गुरुवारी आला, घोट्याएवढाच, पण ओला आणि जड.

माझ्या हातचं या घरात काय काय उरलं आहे ते आधी सांगतो, कारण तू कार्डात तेच विचारलं आहेस. तळघराचा जिना, तेरा पायऱ्या, एकही करकरत नाही. स्वयंपाकघरातलं बाक. तुझा पलंग, ज्याच्या खालचे खण तू कधीच नीट बंद केले नाहीस. घसरगाडी, तिची डावी पट्टी मी दोनदा बदलली. बैठकीतले दोन स्पीकर, अक्रोडाच्या लाकडाचे, सांधा शोधून दाखव. तुझ्या आईचा शिवणाचा डबा. आणि तळघरात, फळीवर, चार फोनो प्रीअँप, रेकॉर्डच्या सुईतला आवाज मोठा करणाऱ्या पेट्या. दोनशेहून जास्त बनवले, त्यातले हे शेवटचे. ॲल्युमिनियमची पेटी, प्रत्येक भाग मीटरवर जोडीने तपासून निवडलेला, तारा जोडणारा कथलाचा प्रत्येक टाका माझ्या हातचा, तळाशी माझी सही. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. फोर्जमधल्या, त्या लोखंड ठोकायच्या कारखान्यातल्या, विजेच्या मोटारी दुरुस्त करता करता आणि वाचनालयातली पुस्तकं परत करायला उशीर करता करता शिकलो.

'तुझ्याकडे एखादा उरला असेल तर पाठव, नाहीतर दीडशे डॉलरच्या आत बाजारातला कुठला घेऊ ते सांग. फोन उचलत नाहीस म्हणून कार्ड.' एवढंच लिहिलंयस. तीन वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंस हे माझ्या लक्षात आलेलं आहे. म्हणून घाईने उत्तर देत नाही. मेसेज टाइप करायला गेलो तर दोन ओळींत आपलं भांडण होतं, हा अनुभव आहे.

तर बाजारातल्याबद्दल आधी.

काहीही विकत घेण्यापूर्वी रेकॉर्ड लावतेस ते टर्नटेबल वळवून त्याची पाठ बघ. हल्ली नवशिक्यांसाठी जी येतात, त्यातल्या बऱ्याचशांच्या पोटात प्रीअँप आधीच बसवलेला असतो. मागे एक चिमुकलं बटण असतं, एका बाजूला 'फोनो', दुसऱ्या बाजूला 'लाइन'. ते असेल तर तुला आज काहीच घ्यायचं नाही. 'लाइन'वर ठेव आणि ऐक. तुझ्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 'फोनो' लिहिलेलं भोक असेल, तरीही घ्यायचं नाही. मग बटण 'फोनो'वर. ही दोन्ही नसतील तरच पेटी घे.

पेटी करते काय, ते समजून घेतलंस तर कोणी दुकानदार तुला फसवणार नाही. रेकॉर्डवर खर्ज आहे तसा कोरला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर दोन गाणी मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे बारीक सूर फुगवतात. पेटी ते उलटं करते, दाबलेलं उचलते, फुगवलेलं बसवते. शिवाय सुईतून येणारा आवाज इतका दुबळा असतो की त्याला शंभरपट मोठं करावं लागतं. बस. याहून जास्त जादू सांगणारा माणूस काहीतरी विकतोय.

साठ ते ऐंशी डॉलरची साधी पेटी घे. तुझ्या टर्नटेबलला जी सुई असेल ती साध्या चुंबकाची असणार, महागड्या कॉइलवाल्या सुईसाठीची बटणं असलेल्या पेटीला पैसे देऊ नकोस. ज्यात काचेचा दिवा लालसर पेटलेला दिसतो ती तर मुळीच नको. त्या किमतीत तो दिवा बहुतेक वेळा शोभेलाच असतो. वापरलेली मिळाली तर चालेल. टर्नटेबलमधून एक बारीक सुटी तार येत असेल, ती पेटीच्या स्क्रूखाली घट्ट आवळ, नाहीतर सगळ्या गाण्यांमागे घूं घूं ऐकू येईल. केबल आखूड ठेव. उरलेले पैसे नव्या सुईवर घाल. जुन्या सुईने तुझ्या आईच्या रेकॉर्ड लावू नकोस. पेटी वाईट असली तर बदलता येते, खरवडलेली खाच पुन्हा भरत नाही.

आता माझ्या चार पेट्यांबद्दल.

त्या पाठवत नाही. हे वाचून तू पत्र फाडशील, म्हणून तिथेच थांब आणि पुढचं वाच. तुला द्यायच्या नाहीत म्हणून नाही म्हणत नाहीये.

एप्रिलमध्ये व्हर्जिलच्या रेकॉर्डच्या दुकानात वार्षिक रेकॉर्ड-दिवसाची गर्दी होती. तो वर्षातला एकच दिवस, ज्या दिवशी त्याच्या दारात रांग लागते. दरवर्षीसारखं त्याने मला बोलावलं, नवीन पोरांना प्रीअँप म्हणजे काय ते दाखव म्हणाला, पण भाषण आवर, गेल्या वर्षी दोन गिऱ्हाइकं तुझ्या भाषणात म्हातारी झाली. मी माझी पेटी घेऊन गेलो. त्याने खिडकीशी एक नवंकोरं टर्नटेबल मांडलं होतं. मी जोडणी केली, तार आवळली, सुई ठेवली आणि बोलायला लागलो. वीसेक माणसं असतील. मी त्यांना म्हणालो, ऐका, खर्ज कसा भरीव येतो, कारखान्यातल्या पेटीतून हे मिळणार नाही.

एका मुलीने कानावर हात ठेवला. मला वाटलं, टोपी सावरतेय. बाकीचे गप्प होते, आणि मला वाटलं, ऐकतायत.

व्हर्जिल गल्ल्यामागून उठून आला. त्याचा गुडघा तुला माहीत आहे, तो कोणासाठी उठत नाही. टर्नटेबलच्या मागे वाकला आणि बोटाने काहीतरी केलं. समोरच्या सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. मी ते पाहिलं. पाहिलं, थिया. ऐकलं काहीच नाही.

तो म्हणाला, "कॅस, आता?"

"आता काय?"

"काही नाही. कॉफी घेऊ या."

मागचं बटण 'लाइन'वर होतं. टर्नटेबलच्या पोटातला प्रीअँप चालू, त्यापुढे माझा. खर्ज दोनदा उचललेला, सगळा आवाज फुटलेला, बादलीत दगड घालून हलवावे तसा. नवशिक्यांची ही पहिली चूक. व्हर्जिलच्या भिंतीवर बारा वर्षं एक पाटी आहे, 'आधी मागचं बटण बघा, मग कॅसला फोन करा.' अक्षर माझं आहे. मी त्या पाटीखाली उभा राहून ते केलं. मला वेगळं काहीच वाटलं नाही, कारण मला सगळंच तसं ऐकू येतं. जाड, लांबून, घोंगडीतून. कित्येक दिवसांपासून.

मागच्या गल्लीत कॉफीचे पेले घेऊन उभे राहिलो. त्याने विचारलं, कधीपासून. मी म्हणालो, काय कधीपासून. तो माझ्या उजवीकडे होता, तिथून डाव्या बाजूला आला आणि स्वतःच्या तोंडाकडे बघायला लावून म्हणाला, "मला बनवू नकोस. तीन पेट्या परत आल्या होत्या, त्यांत घरघर होती. तू त्या लोकांना लिहिलंस की तुमच्याच घरच्या तारा खराब आहेत. मी ऐकल्या त्या, कॅस. खराब होत्या."

मी त्याला सांगितलं, तुझ्या दुकानात धूळ आहे. तो हसला नाही.

मी त्या तिन्ही उघडल्या. एकीत एक टाका थंड बसला होता, वरून चकचकीत, आतून सुटा. असा टाका मीटरवर दिवसभर शहाण्यासारखा वागतो आणि संध्याकाळी गाणं लागलं की कुरकुरतो. म्हणूनच मी प्रत्येक पेटी पाठवण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ ऐकायचो. ती ऐकल्याशिवाय खाली सही करायची नाही हा माझा नियम होता. या चार पेट्यांवर सही आहे. ऐकल्यासारखं करून केलेली आहे. त्या तुझ्या घरात, तुझ्या आईच्या रेकॉर्डना जोडलेल्या मला चालणार नाहीत. कारखान्याची साठ डॉलरची घे. ती कोणीतरी निदान ऐकू येणाऱ्या माणसाने तपासलेली असेल.

फोनचं आता तुला कळलंच असेल. दर रविवारी तो बाकावर थरथरतो, तुझं नाव दिसतं, आणि मी समोर बसून तो थांबेपर्यंत बघतो. रागाने नाही. फोनवर मला बोलण्यातले उंचसखल भाग कळतात, शब्द नाही. ऑगस्टमध्ये एकदा उचलला होता. तू खूप वेळ काहीतरी सांगत होतीस. मध्ये थांबलीस, तेव्हा आपली पाळी आली असं समजून मी म्हणालो, "छान, छान झालं." तू फोन ठेवलास. काय सांगत होतीस ते मला आजही माहीत नाही. आवाजाच्या चढउतारावरून तरी ते छान नसावं. लिहून कळवशील का? नाही कळवलंस तरी मी विचारल्याचं तुला माहीत असू दे.

कानांची डॉक्टर चांगली बाई आहे, स्पष्ट बोलते. फोर्जमध्ये बावीस वर्षं घण पडत होते आणि कानात बोळे घालणाऱ्याला आम्ही हसायचो. नस मेली आहे, ती परत येत नाही. उजवा कान गेलाच. डावाही चालला आहे. यंत्र लावलं आहे, समोरासमोर बसलेल्या माणसाचं बोलणं त्याने थोडं उलगडतं. मी विचारलं, आणि गाणं? तिने कागदावर लिहिलं, 'गाण्याची अपेक्षा ठेवू नका.' मला तिचं अक्षर आवडलं. मागच्या महिन्यात मी एक रेकॉर्ड लावली आणि स्पीकरवर तळवा ठेवून बसलो. खर्ज हाताला लागतो. बाकी काही नाही. उठून बंद केली. पुन्हा लावलेली नाही.

तळघरातली हत्यारं व्हर्जिल विकून देतोय. मीटर तेवढा ठेवला आहे, का ते विचारू नकोस.

एक कामाची गोष्ट राहिली. तुझ्या आईच्या निळ्या कव्हरच्या रेकॉर्डमध्ये, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक टक् टक् येतं. ते ऐकलंस तर तारा तपासत बसू नकोस, पेटीही परत करू नकोस. तुझी आई नाचता नाचता टेबलावर आदळली होती, तेव्हाचा तो ओरखडा आहे. त्यानंतर किती वेळ हसत होती. तो आवाज आता तुलाच ऐकावा लागेल.

सुई बदल. मागचं बटण बघ.

तुझा,
बाबा

ता. क. पेट्या बनवणाऱ्या मिनेसोटाच्या त्या कंपनीबद्दल तू जाताना म्हणाली होतीस, "तुझ्या गर्वापायी माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष गेलं." मशीनच्या टाक्यांची वस्तू माझ्या नावाने विकू देणार नाही, हे मी सगळ्यांना सांगत फिरलो, तुलाही. ते खरं नव्हतं. टाके हवे तर हातानेच घाला, असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. त्यांना माझी पेटी नको होती, तशा ते बनवू शकत होते. त्यांना एक माणूस हवा होता, ज्याने बंद खोलीत बसून बाहेर जाणारी प्रत्येक पेटी ऐकायची आणि खाली सही करायची. त्या आठवड्यात कानांची पहिली तपासणी झाली होती, आणि कान जात असल्याचं कळलं होतं. घराचा विमा, तुझी फी, सगळं त्यांच्या पगारात बसत होतं. वर्षाला बहात्तर हजार डॉलर. मी नाही म्हणालो.