लांबी मोजायची राहिली

बिलिंग्ज, मोंटाना
२४ एप्रिल २०२४

प्रिय हॅल्वरकाका,

तुम्ही आणि काकू बरे असाल. इथे परत बर्फ पडला. शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्यात काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुमच्या जुन्या ट्रिपल-टू (.२२२ कॅलिबरच्या) रायफलने, स्वतः भरलेली दहा काडतुसं तुम्ही शंभर यार्डांवर झाडलीत.
२. सहा गोळ्या कागदावर लागल्या. त्यांतली चार भोकं लांबट होती. गोळ्या आडव्या होऊन आदळल्या होत्या.
३. आपल्या क्लबातला ड्वेन म्हणाला, "हॅल्वर, काडतुसात दारू भरताना चष्मा लाव की! का हल्ली चमच्याने ओततोस?" सगळे हसले. तुम्हीही.
४. सोमवारी क्लबच्या फळ्यावर तुमची चिठ्ठी लागली: काडतुसं भरायचा प्रेस, तराजू, सगळं विकणे आहे.

तुमचा हात चुकलेला नाही. तुम्ही भरलेली, माझ्या पेटीत राहिलेली दहा काडतुसं मी उघडली. त्यांच्या दारूच्या वजनातला फरक आमच्या प्रयोगशाळेच्या काट्यालाही जेमतेम दिसला. असं मी सहसा कोणाबद्दल लिहीत नाही.

चूक गोळीत होती. ती शिशाची नव्हती, निव्वळ तांब्याची होती. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी सरळ जायला नळीच्या आतल्या खाचांना जास्त पीळ लागतो. तुमच्या नळीत चौदा इंचांत एक फेरा आहे. तो पुरला नाही.

हे मला तुम्हीच शिकवलंत. मी बारा वर्षांची होते. सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तुम्ही तो नळीत सरकवत होतात. "फेरा पुरा झाला की ओरड, इंजिनिअरबाई!" मग गज किती आत गेला ते मोजलंत आणि म्हणालात, "दुकानदार वजन सांगतो, पण नळी लांबी विचारते." चार वर्षं कॉलेजात शिकले, याहून नेमकं वाक्य तिथे ऐकलं नाही.

नव्या गोळ्या मी आणल्या होत्या. त्यांची लांबी मोजायला तुम्ही कॅलिपर काढलात, तेव्हा मी म्हटलं, "मोजल्यात मी." मी फक्त वजन केलं होतं. माझ्या शब्दावर तुम्ही कॅलिपर ठेवून दिलात. बर्फामुळे मैदान बंद होतं, त्यामुळे आधी झाडून बघणंही झालं नाही.

शनिवारी पहिलं लांबट भोक दुर्बिणीतून मला दिसलं आणि कारण तिथेच कळलं. ड्वेन बोलला तेव्हा मी तुमच्या शेजारी उभी होते. गप्प राहिले. मागे माझ्या ऑफिसातले दोघे होते. दुसरं काही कारण नाही.

काल ड्वेनला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता मी चिडवू कोणाला?" म्हटलं, "मला." चिठ्ठी मात्र मी काढलेली नाही. ती तुमची आहे.

माझ्या रायफलची नवी नळी ३ मेला कापायला घेणार आहेत. काडतूस हेच, गोळ्या तांब्याच्या. माझ्या गणिताने नऊ इंचांत एक फेरा येतो, पण तुम्ही तपासल्याशिवाय कारागिराला सांगणार नाही. पाच गोळ्या सोबत पाठवते आहे.

पीळ किती ठेवायचा ते गुरुवार, २ मेपर्यंत कळवा. सामान विकायचंच ठरलं असेल, तर तेही त्याच पत्रात लिहा.

तुमची,
सिग्ना