व्यंकटीचं पान

फाल्गुन वद्य ७, शके १८६२. परभणी.

आजपासून पान बंद. मुन्सफसाहेबांपुढे अर्ज ठेवला, तर त्यावर लाल शिंतोडा. साहेबांनी तो चिमटीत धरून परत दिला. सगळं कोर्ट हसलं. हसोत.

दर्जा सोयमचा, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा वकील म्हणून आणखी किती दिवस काढायचे? नवी प्रॅक्टिस सुरू करणार. कसली, ते अजून ठरलेलं नाही.

फाल्गुन वद्य ९.

ठरलं. पेडगावचा व्यंकटी आणि त्याची बायको कडूबाई बाजाराला आली होती. माझी पाटी पाहून ओसरीवर चढली. व्यंकटी दिनकररावांकडे सालगडी. पाडव्याला नवं साल ठरायचं आहे. त्याची स्वतःची तक्रार नाही, तक्रार कडूबाईची. साल नवऱ्याचं, पण मालकाच्या गोठ्यातलं शेण पहाटे उठून हिनं काढायचं, आणि तेही फुकट. तान्हं लेकरू तिकडे घरात रडत पडतं. म्हणाली, साल त्येचं हाय, माजं न्हाई. तेवढं शेण माज्या डोस्क्यावरून काढा वकीलसायब, दुसरं काईच मागत न्हाई.

मी सांगितलं, निघालंच समजा.

आजवर साल तोंडीच ठरत आलं. मी लेखी करार करणार! सालगड्याचा लेखी करार करणारा जिल्ह्यातला पहिला वकील. फी घेतली नाही. तिनं फडक्यात बांधून कैऱ्या आणल्या होत्या, त्या घ्याव्या लागल्या. न घेतल्या तर तिला वाईट वाटलं असतं.

एक पान खाल्लं. एवढा मोठा निर्णय रोज होत नाही.

फाल्गुन वद्य ११.

ड्राफ्ट तयार. जिनिंग कारखान्याच्या चौकीदाराच्या कराराचा एक नमुना मिळाला, त्यावरून उतरवला. पहिला पॉइंट माझा स्वतःचा: गड्याच्या बायकोला गोठ्याचं काम सांगता येणार नाही. सगळं कोर्टाच्या उर्दूत, आणि उर्दू फर्स्ट क्लास उतरली आहे.

चौकीदाराच्या नमुन्यात एक वाक्य होतं: नोकर कुटुंबासह, मालक धाडील तिथं हजर राहील. आपल्या कामाचं नाही, पण वाचायला भारदस्त वाटतं. सध्या राहू दे. शेवटी काढीन.

पान खाल्लं, पण तंबाखूशिवाय. त्याला पान म्हणत नाहीत.

फाल्गुन वद्य १३.

व्यंकटी येऊन तिकडची रीत सांगून गेला. मालक साल बोलतो आणि पान देतो. गड्यानं पान खाल्लं की साल ठरलं. पान हातात आहे तोवर बोलणं चालू. त्यानं दोनदा बजावलं, पान तेवढं लवकर खायचं न्हाई, सायब, हातातच ठिवायचं. दर साली मालकानं नुसतं बघितलं की तो खाऊन टाकतो. मी म्हणालो, या वर्षी पान मी धरणार. मी तुझा वकील आहे.

त्याला फार धीर आला. माझ्या पाया पडला.

जेवायला कडूबाईच्या कैऱ्यांचा तक्कू होता. चांगला झाला होता. दोनदा घेतला.

फाल्गुन अमावास्या.

रंगीत तालीम. बायकोला, कमलबाईला, दिनकरराव केलं आणि पहिला पॉइंट मांडला. तिनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, मग शेण कोण काढणार?

हा कायद्याचा प्रश्न नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, दिनकरराव हेच विचारतील. बायकांना कोर्टाचं काही कळत नाही.

तरी उत्तर शोधून ठेवायला हवं. उद्या गाडीत बसल्यावर शोधीन.

चैत्र शुद्ध १, शके १८६३. पाडवा. संध्याकाळ.

गाडीत झोप लागली.

साल ठरेपर्यंत दिनकररावांच्या घरचं काही खायचं नाही, असा निश्चय होता. पण सणाचा दिवस. पुरणपोळीवर एवढं तूप वाढल्यावर निश्चय सांगत बसणं बरं दिसत नाही. मग लिंबाखाली बैठक. गावातले पाच-सहा जण बसलेले. व्यंकटी समोर उकिडवा. कडूबाई गोठ्याच्या दाराशी, लेकरू कडेवर.

दिनकरराव म्हणाले, गेल्या सालावानीच हे साल, आन् पान पुढं केलं. मी ठरल्याप्रमाणे ते माझ्या हातात घेतलं. खणखणीत आवाजात पहिला पॉइंट सुरू केला. फार चांगलं बोलत होतो. दिनकररावांची मानसुद्धा जरा हलली होती. त्यांनी विचारलं, मंग शेन कोन काडायचं? मी विचार करायला थांबलो.

विचार करताना माझा हात तोंडाकडे जातो. ही जुनी सवय आहे.

लवंग दाताखाली आली तेव्हा लक्षात आलं.

मग एक म्हातारा हसला. दिनकररावांनी मांडीवर थाप मारली. वकीलसायबांनी खाल्लं, साल झालं! वकिलानं चघळलेलं पान गड्यावर बंधनकारक नाही, हे मी तिथल्या तिथं सांगितलं. पण तोंड भरलेलं असल्यामुळे कुणाला नीट कळलं नाही.

व्यंकटी माझ्या तोंडाकडे बघत होता. कडूबाई आत गेली.

चैत्र शुद्ध २.

काल एक गोष्ट लिहायची राहिली. मुद्दाम नव्हे, दमलो होतो.

दिनकरराव म्हणाले, कागद आनलाच हाय तर लिवून टाका. पहिला पॉइंट अर्थातच खोडावा लागला. नाही म्हणून उठता आलं असतं. पण निदान करार लेखी तरी होईल, तेही थोडं नव्हे, असं वाटलं. तेव्हा वाटलं. कुटुंबासह हजर राहील, हे वाक्य मी काढणारच होतो. त्यांनी मोठ्यानं, मराठीत वाचायला लावलं आणि ते त्यांना फार आवडलं. हे असू द्या म्हणाले. नुसतं भारदस्तपणासाठी आहे, एवढं मी सांगितलं.

व्यंकटीनं अंगठा दिला. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चैत्र शुद्ध ४.

पेडगावचा एक जण कोर्टात भेटला. म्हणाला, कडूबाईला ताप हाय. मागं आजारी पडली की दोन दिवस जायची न्हाई, आता मालक कागद दावायलेत.

जेवण गेलं नाही. ताटात तक्कू होता. कमलबाईला म्हटलं, तो पुन्हा वाढू नकोस. ती म्हणाली, बरणी संपेपर्यंत वाढणार.

चूक माझी आहे. पूर्णपणे नाही, नमुना चौकीदाराचा होता. पण वाचून मीच दाखवला. उद्या पेडगावला जाऊन तो कागद फाडून टाकायला लावणार. पान कायमचं बंद.

चैत्र शुद्ध ५.

ऊन फार. उद्या.

चैत्र शुद्ध ७.

दिनकररावांचा निरोप: कागद लई झ्याक झाला, बाकीच्या गड्यांचे पन तुमीच लिवा. म्हणजे नवी प्रॅक्टिस सुरू झाली. आनंद व्हायला हवा होता. पान खाल्लं, तेही गोड लागलं नाही.

चैत्र शुद्ध ९. रामनवमी. सकाळ.

खराट्याच्या आवाजानं उठलो. बाहेर कडूबाई अंगण झाडत होती. कापूस घेऊन मालकाची गाडी बाजाराला आली, तिच्यात तिला बसवून दिलं. वकीलसाहेबांनी आपलं काम केलं, त्यांच्या घरची सणाची झाडझूड करून ये, असा हुकूम. लेकराची झोळी तिनं माझ्या ओसरीच्या खांबाला बांधली आहे. त्याच खांबावर माझी पाटी आहे.

कमलबाईनं तिच्या हातचा खराटा ओढून घेतला. म्हणाली, बस, चार घास खा. कडूबाई बसेना. तिनं खराटा परत घेतला. म्हणाली, न्हाई बाई, मालक धाडील तितं जायचं म्हनून सायबांनीच कागदात लिवलंय. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कमलबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

मी पुढे झालो. माझं चुकलं, आताच्या आता तुझ्याबरोबर पेडगावला येतो आणि कागद फाडतो, असं तिला सांगणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडात पान होतं.

थुंकायचं तर अंगण तिनं नुकतंच झाडलेलं. ती खराटा धरून माझ्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. मग मागचं परस झाडायला गेली.

पान गिळून टाकलं.