चटईची उजवी बाजू

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बघू' म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. विद्यापीठाच्या आदिवासी कला महोत्सवात यंदा आपली चटई आहे. आपल्या माणसांपैकी इथे नोकरीला मी एकटीच, त्यामुळे निमंत्रणं, खुर्च्या, भाषण, सगळं माझ्याच गळ्यात. प्रत्येक बैठकीत सगळे माझ्याकडे बघतात, जणू अख्खी जमात मी पर्समध्ये घालून आणलीय. चटई चाळीस मिनिटांत होईल का, असं विभागप्रमुखांनी विचारलं. भांडून दोन दिवस मिळवलेत. तेव्हा लव्हाळी घेऊन ये आणि आढेवेढे घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो रागावलीस तरी राहू दे.
तुझी टिटवी

दि. १९ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. पाहुणचाराबद्दल तक्रार नाही. पण चटई दोघींनी विणायची, डावीकडून थोरलीने, उजवीकडून धाकटीने, हे परक्यांना ठाऊक नसेल. तू कशी विसरलीस? आई गेल्यापासून उजवी बाजू तुझी. पत्रिकेत कलाकार एकच छापलास, मंचावर आसनही एकच. मी दोन दिवस डावी बाजू विणत बसले आणि तू माईकवरून परंपरेचे गोडवे गात होतीस. मी तुला हाताने बोलावलं, तर तू पाणी पाठवलंस. भोवती दोरी बांधलेली, कुणी हात लावायचा नाही म्हणे. बसायची चटई ती.

उरलेली लव्हाळी तुझ्या टेबलाखाली ठेवली आहेत. जमलं तर बघ, नाहीतर फेकून दे.

रागाने लिहिलंय, पण आशीर्वाद खरे आहेत.
तुझी ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इथे त्यांनी अर्धी चटई भिंतीवर टांगली आणि पाटी लिहायचं काम मलाच दिलं. एक पाहुणे प्राध्यापक रिकाम्या अर्ध्या भागासमोर उभे राहून बराच वेळ बोलले, की हा मुद्दाम सोडलेला अवकाश आहे. मी सांगितलं, मुद्दाम नाही, मी बसले नाही म्हणून राहिलंय. ते हसले. त्यांना तो माझा विनय वाटला. इतकी चीड आली, ताई, आणि निम्मी माझी मलाच.

मग चटई भिंतीवरून काढली. सफाईच्या बादलीत लव्हाळी भिजवली आणि दालनातच फरशीवर बसले. रखवालदाराने परवानगी कुणाची, असं विचारलं. ताईची, म्हटलं. बोटं सोलली, विभागाची नोटीसही आली, खुलासा द्यायचाय. चटई पार्सलने पाठवतेय. पसंत नसेल तर उसवून टाक.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुझी टिटवी

दि. १२ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

चटई मिळाली. डावी बाजू घट्ट, तुझी ढिली, मधे बोट जाईल एवढी फट. शेजारीण म्हणाली, उसवून पुन्हा विण. मी तिला चहा दिला आणि घरी पाठवलं. खुलाशात खरं तेच लिही, भाषण नको. बोटांना तेल लाव.

चटई बाहेरच्या खोलीत अंथरली आहे. कुणी आलं की त्यांना डावीकडे बसवते. उजवीकडे मी बसते.

येशील तेव्हा सरकून जागा देईन.
तुझी ताई