इंजिन शाबूत आहे

अण्णा, तुमच्या गाडीचं इंजिन शाबूत आहे. काल मिस्त्रीने तपासून तशी खात्री दिली. आवाज स्वच्छ, धूर नाही. "मालकांनी जिवापाड जपलेली दिसती," तो म्हणाला. आई ओट्यावर कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हो रे," ती म्हणाली, "जिवापाडच."

कोर्टाला सुट्टी असली की तुम्ही बॉनेट उघडून आम्हा भावंडांना भोवती उभं करायचात. तेलाचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, पट्टी काढून तेल बघायचं, आणि पट्टी कोरडी निघाली तर गाडी हातभरही पुढे न्यायची नाही. मुलींना गाडी शिकवायची पद्धत आपल्या घरात नव्हती, तरी नियम मलाही पाठ होता. अडखळलं की टपली बसायची. नियम बरोबर होता, अण्णा. आजही कुठलाही मिस्त्री तेच सांगतो.

दुष्काळाचं साल. आईला सातवा महिना, आणि सकाळपासून रक्त थांबत नाही म्हणून आपण तिला कर्जतहून नगरच्या दवाखान्यात नेत होतो. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. दुष्काळी कामाची खडी रस्त्यावर पसरलेली, तिच्यातला एक दगड खालून लागला. त्यानंतर थोड्या वेळाने दिवा लागतो. नगर तीन-चार मैलांवर आहे, लष्कराच्या बराकी दिसतायत. तुम्ही गाडी बाजूला घेता. इंजिन बंद करता. पट्टी काढता, धोतराच्या सोग्याला पुसता, पुन्हा घालता, पुन्हा काढता. कोरडी. खाली वाकून बघता आणि म्हणता, "चेंबर फुटला. तेल गेलं सगळं." आई विचारते, "किती राहिलं हो नगर?" तुम्ही हात पुसत राहता.

बैल चारा-छावणीला नेणारा एक गाडीवान थांबला. त्याने आत डोकावून बघितलं. "साहेब, बाई रगतात हायेत. रेटा की गाडी, नगर हितंच तर हाय."

"तेल नाही. इंजिन जाम होईल."

"हुईल की. इंजिनाला काय पोरंबाळं हायेत?"

तुम्ही त्याला जपून बोलायला सांगितलंत. मग त्यानेच बैलगाडीत कडबा पसरला आणि आपण तिघांनी आईला उचलून त्यावर ठेवलं. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मला वाटलं, तुम्ही चढाल. तुम्ही म्हणालात, "तू जा हिच्याबरोबर. गाडी उघड्यावर टाकून कसं चालेल? स्टेपनी काढून नेतात लोक." मी वळून बघत होते. बॉनेटला टेकून तुम्ही उभे होता, आणि बराच वेळ दिसत राहिलात, कारण बैल फार हळू चालत होते. गाडीवान बैलांना अशा शिव्या देत होता, की त्या बैलांना नव्हत्या हे मलाही कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी उशिराबद्दल काही म्हटलं नाही. "कशातून आणलंत?" एवढंच विचारलं. मुलगा होता. दुपारीच गेला. तुम्ही संध्याकाळी आलात, चेंबरला वेल्डिंग करून, नवं तेल भरून. आईच्या खाटेशी उभे राहून म्हणालात, "थोडक्यात वाचलं. अजून फर्लांगभर गेलो असतो तर इंजिन बसलं असतं." बाळाचं तुम्हाला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही विचारलं नव्हतं. आईने भिंतीकडे तोंड केलं.

त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. माहेरच्या लग्नालासुद्धा एसटीने गेली. दसऱ्याला तुम्ही गाडीला हार घालायचात तेव्हा ती दारातून सांगायची, "इंजिनाला नीट ओवाळा. घरातलं तेच एक वाचलं." पाहुण्यांदेखत. तुम्ही नारळ फोडायचात. तुम्ही गेल्यावर तिने गाडी विकू दिली नाही. दर महिन्याला कुणाला तरी बोलावून चालू करून ठेवायची, तेल बदलून घ्यायची. नवऱ्याची आठवण जपते, असं गाव म्हणायचं. मीही तसंच समजत होते, कालपर्यंत.

मिस्त्रीला तिने विचारलं, "तेल नसताना किती चालते रे ही?"

"दोन-तीन मैल, आजी. मग आतनं जाम."

"मग सगळं तेल काढ, आणि इथंच जागेवर चालू ठेव. बंद पडेपर्यंत."

तो हसला, मग हसायचा थांबला. "आजी, असा माल पुन्हा मिळायचा न्हाई. पुण्याचा एक जण वरातीसाठी मागतोय. आन् दिवा लागंल की."

"लागू दे," आई म्हणाली, आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकायला उठली.

हे तुम्हाला कळवायची सोय नाही. असती तरी मी कळवलं नसतं. तुम्ही कुठूनही येऊन ती बंद केली असतीत. रविवारी सकाळी मिस्त्री येईल. आईने अंगणात खुर्ची टाकायला सांगितली आहे. मी दोन टाकणार आहे.